रुंद टायर टाकले, फेंडरचं रोलिंगही केलं, तरी पुन्हा घासतंय? आधी कुठे घासतंय ते शोधा

दीड वर्षात माझ्या गाडीचा टायर तीन वेळा घासायला लागला. तिन्ही वेळा आवाज मला एकच वाटला. तिन्ही वेळा पहिला विचार डेंटरचाच आला, आणि खरी गरज तिथे जायची एकदाच होती. माझं नाशिकच्या अंबडला जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप आहे. दिवसभर हातात व्हर्नियर असतो, पोरांनी मापात दोन दशांश मिमीची चूक केली तरी मी ओरडतो. आणि स्वतःच्या गाडीला चाकं घेताना मी काय मोजलं? फोटो बघितला.

गाडी २०११ ची, सेकंड-हँड बीएमडब्ल्यू झेड-४, मॉडेल कोड ई८९. कंपनीच्या रिमच्या आतल्या बाजूला पुढे ८जे×१८ ईटी२९ (८ इंच रुंद, १८ इंच व्यासाची रिम; ईटीचं खाली सांगतो) आणि मागे ८.५जे×१८ ईटी४० असं होतं. टायर पुढे २२५/४०, मागे २५५/३५, चारही रनफ्लॅट, म्हणजे पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे, कडक बाजूंचे. मी आफ्टरमार्केट चाकं घेतली: पुढे ८.५जे ईटी३५, मागे ९.५जे ईटी३५, त्यावर २३५/४० आणि २६५/३५ चे साधे टायर. कारण विचाराल तर ग्रिप वगैरे लोकांना सांगायला. खरं म्हणजे मागून गाडी भरलेली दिसावी एवढीच हौस.

विकणारा फोनवर म्हणाला, "सर, बोल्ट-ऑन आहे, काही टच होणार नाही." पीसीडी, म्हणजे बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचं माप, ५×१२० जुळत होता, त्याचं बोल्ट-ऑन तेवढ्यावर संपत होतं. चाक बसणं वेगळं आणि चाक फिरताना, वळताना, दबताना मोकळं राहणं वेगळं.

पाच मिनिटांचा हिशेब, जो मी केला नाही

ईटी म्हणजे रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्यापासून हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बोल्टने कसतात त्याला) टेकणारी पाटी किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे, तो आकडा. आकडा वाढला की चाक आत जातं, कमी झाला की बाहेर येतं. आणि रिम रुंद झाली की वाढलेली रुंदी आत-बाहेर निम्मी-निम्मी वाटली जाते. एवढंच.

माझं मागचं चाक घ्या. ८.५ चं ९.५ झालं, म्हणजे एक इंच, २५.४ मिमी. त्याचं निम्मं १२.७. ईटी ४० वरून ३५ वर आला, म्हणजे चाक आणखी ५ मिमी बाहेर. बाहेरच्या बाजूला १२.७ अधिक ५, एकूण १७.७ मिमी. आतल्या बाजूला १२.७ उणे ५, म्हणजे ७.७ मिमी. पाऊण इंचाला थोडं कमी इतका रिमचा काठ फेंडरकडे, म्हणजे चाकावरच्या पत्र्याकडे सरकला, आणि मी त्याला "थोडंसं फ्लश", म्हणजे पत्र्याच्या बरोबरीत, म्हणत होतो.

पुढचं गणित जास्त फसवं. अर्धा इंच वाढला, त्याचं निम्मं ६.३५. पण ईटी २९ वरून ३५, म्हणजे चाक ६ मिमी आत. बाहेर फक्त ०.३५ मिमी, आणि आत १२.३५ मिमी. बाहेरून बघणाऱ्याला पुढे काहीच बदललेलं दिसत नाही, आत स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेल्या खांबाच्या) बाजूला मात्र सव्वाबारा मिमी जागा खाल्लेली.

त्यात टायरची उंची. २३५/४० मधला ४० हा मिमीचा आकडा नाही, २३५ चे ४० टक्के आहेत. रुंदी वाढवली आणि ४० तसाच ठेवला की टायर उंचही होतो. २२५/४० आर१८ चा व्यास ६३७.२ मिमी, २३५/४० चा ६४५.२. म्हणजे टायर चारी बाजूंनी ४ मिमी मोठा. लायनरची (चाकाच्या वरच्या कमानीतल्या प्लास्टिकच्या अस्तराची) मोकळी जागा कित्येक गाड्यांत एका बोटाची असते, त्यात ४ मिमी ही चैन आहे.

आता रडगाणं क्रमाने.

पहिला आवाज: त्र्यंबक रोड, मागे डावीकडे

एकटा असताना काही नाही. बायको शेजारी बसली आणि त्र्यंबक रोडच्या एका स्पीड ब्रेकरवरून गाडी खाली आली की मागून जाड "भर्र". पुढच्या ब्रेकरला पुन्हा. बायको म्हणाली, "नव्या चाकांचा आवाज असाच असतो का?" मी म्हटलं, हो.

घरी चाकावर टॉर्च मारला तर टायरच्या बाहेरच्या खांद्यावर बोटभर रुंद पट्टा चकचकीत झालेला, आणि फेंडरच्या आत वळलेल्या काठावर काळं रबर. निदान सोपं होतं. गाडी दबली की टायर वर जातो आणि तो काठ त्याला कापतो. इथे रोलिंग, म्हणजे तो काठ रोलरने वर दाबणं, हाच इलाज. डेंटर चाचांनी चाक काढून हबवर रोलरचा हात बसवला, हीटगनने काठ तापवला, हात टेकवला तर चटका बसेल इतका, आणि रोलर पुढे-मागे फिरवत काठ हळूहळू वर दाबला. एका फेऱ्यात एखादा मिमी. घाई केली, किंवा गार पत्र्यावर दाबलं, की पेंट चिरतो. बॅटचा दांडा घालून काठ वाकवणारेही आहेत. तिकडे जाऊ नका, पत्र्याला लाटा येतात.

एक गोष्ट मला त्या वेळी माहीत नव्हती. मागच्या फेंडरचा काठ बहुतेक गाड्यांत एकेरी नसतो. बाहेरचा आणि आतला असे दोन पत्रे तिथे एकमेकांना स्पॉट वेल्डने जोडलेले असतात, मध्ये सीलर असतो. दाबला तर जोड टिकतो. पण कोणी "कटर मारून काठच काढून टाकू" म्हणाला तर तो जोडच उघडा पडतो. मग आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस त्यात पाणी भरणार, आणि दोन पावसाळ्यांत आतून गंज. काठ कापायला सांगणाऱ्याला नको म्हणा.

रोलिंगनंतर आवाज गेला. मी खूश. हीच खरी चूक, कारण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात "घासतंय म्हणजे मागचा काठ" हे पक्कं बसलं.

दुसरा आवाज: सोसायटीच्या रॅम्पवर

अडीच महिन्यांनी, पावसाने रस्त्यांची चाळण केल्यावर, आवाज परत आला. इंदिरानगरला आमच्या सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प उतरताना डावीकडे वळावं लागतं. तिथे ब्रेक दाबत वळलं की "खर्रर्र". मी सरळ चाचांकडे. चाचा म्हणाले, "साहेब, अजून थोडं आत घेऊ." घेतलं. या वेळी डाव्या काठाचा पेंट केसासारखा चिरला. आणि संध्याकाळी रॅम्पवर तोच खर्रर्र.

चाचांचा दोष नाही. मी त्यांना जागा दाखवली, त्यांनी तिथे काम केलं. चुकीची जागा दाखवणारा मी.

यानंतर मी शहाणा झालो आणि जे आधी करायला हवं होतं ते केलं. तुम्ही इथूनच सुरुवात करा.

पहिलं म्हणजे गाडी धुऊ नका. आमच्याकडची धूळ हा सगळ्यात स्वस्त सेन्सर आहे. आठवडाभर न धुतलेल्या गाडीच्या व्हील आर्चमध्ये, म्हणजे चाकावरच्या कमानीत, टॉर्च मारला की जिथे टायर टेकतो तेवढीच जागा स्वच्छ आणि गुळगुळीत दिसते. वॉशिंग करून आणलेल्या गाडीत हा पुरावा गेलेला असतो. धुतलेल्या गाडीकडे बघून कोणी छातीठोक सांगत असेल, तर तो अंदाज मारतोय.

दुसरं, आवाज ऐका. काच खाली, गाणी बंद. खड्ड्यावर किंवा ब्रेकरवर एकदाच जाड भर्र येत असेल तर बहुधा फेंडरचा काठ. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर सलग खर्रर्र, तोही हळू वेगात, तर प्लास्टिकचा लायनर. सरळ रस्त्यावर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा टक-टक येत असेल तर टायरला फुगा आहे का, रिम वाकली आहे का ते आधी बघा, आणि ते बघेपर्यंत गाडी पळवू नका. आतल्या बाजूला स्ट्रटला घासत असेल तर कधीकधी आवाजच येत नाही. नुसता रबराचा वास येतो.

तिसरं, शाडू. हे माझं मलाच सुचलं, म्हणून जरा फुशारकी. लेकीने घरी गणपती केला होता, त्याची किलोभर शाडू माती उरलेली. तिच्या सुपारीएवढ्या गोळ्या केल्या. ब्रेक दाबत डावीकडे वळलं की वजन उजव्या पुढच्या चाकावर येतं, म्हणून त्या चाकाभोवती चार जागी चिकटवल्या: स्ट्रटवर टायरच्या सगळ्यात जवळ, फेंडरच्या काठाच्या आत, लायनरच्या पुढच्या भागावर आणि मागच्या भागावर. टायरच्या दोन्ही खांद्यांना कुंड्यांचा गेरू कालवून पट्टा मारला. लेक विचारते, "बाबा, माझी माती गाडीला का लावली?" तिला सांगितलं, गाडीला विचारायचंय कुठे दुखतंय.

रॅम्प एकदा उतरलो. गाडी उभी करून, हँडब्रेक लावून बघितलं. स्ट्रटवरची गोळी जशीच्या तशी. काठाची जशीच्या तशी. लायनरच्या मागच्या भागावरची गोळी मात्र चपटी होऊन पुसली गेलेली आणि तिच्यावर गेरूचा लाल ओरखडा. पुढे उजवीकडे! महिनाभर मी मागे डावीकडे भांडत होतो. बंदिस्त बेसमेंटमध्ये आवाज भिंतींवरून फिरून येतो, ड्रायव्हरच्या कानावर विसंबू नका.

शाडूचा आणखी एक उपयोग मोजायला. चपटी झालेली पण न पुसली गेलेली गोळी अलगद काढायची आणि सगळ्यात पातळ जागी जाडी मोजायची. ती तुमची चालत्या गाडीतली खरी मोकळी जागा. उभ्या गाडीत बोट घालून मोजलेली जागा फारशी कामाची नाही. माझा हिशेब असा: स्ट्रटसारख्या धातूपाशी ५ मिमीच्या खाली गेलं तर नको, लायनरपाशी ८ मिमी तरी हवेत. लायनर चाक फिरताना फडफडतो, चिखलाने जडही होतो.

पण प्रश्न राहिलाच. चाकं तीच, टायर तेच. अडीच महिने न घासणारा टायर आत्ता का घासतोय?

टायर लायनरच्या मागच्या भागाला लागतोय, तोही ब्रेक दाबल्यावर. म्हणजे ब्रेक लावला की चाक आर्चमध्ये मागे सरकतंय. चाकाला पुढे-मागे धरून ठेवतो तो खालच्या आर्मचा मोठा रबरी बुश. तपासायची पद्धत अशी: एक जण ड्रायव्हर सीटवर, पाय ब्रेकवर घट्ट, आणि किंचित रेस देत गिअर डी, मग आर, मग पुन्हा डी. दुसऱ्याने बाजूला, चार हात लांब उभं राहून टायर आणि लायनरमधली फट बघायची. गाडीच्या समोर किंवा मागे कोणीही उभं राहायचं नाही, लहान मुलं तर जवळपास नकोतच. माझं डावं चाक थोडं हललं, उजवं चांगलं बोटभर मागे गेलं. लिफ्टवर घेऊन टॉमी (लोखंडी पहार) लावली तर बुशचं रबर अर्ध्या घेरात फाटलेलं. टॉमी काढल्यावर फट आपोआप मिटायची, म्हणून नुसत्या डोळ्यांना तो बुश शाबूत दिसत होता.

दोन्ही बाजूंचे बुश बदलले, एकट्या उजव्याचा बदलत नाहीत. मग अलाइनमेंट. खड्ड्यांनी फाडलेल्या बुशचा दोष मी चाकांना देत होतो. अर्थात जुना २२५ असता तर बुश फाटूनही टायर लागला नसता, तेवढी जागा मीच खाल्ली होती. म्हणून रुंद टायर टाकलेल्या गाडीत "पूर्वी घासत नव्हतं, आता घासतंय" असं झालं, की चाकांच्या आधी बुश, बॉल जॉइंट, स्ट्रट माउंट आणि बसलेल्या स्प्रिंगा बघा. सपाट जमिनीवर हबच्या मध्यापासून फेंडरच्या काठापर्यंत चारही चाकांची उंची टेपने मोजून लिहून ठेवा. सहा महिन्यांनी एका कोपऱ्यात ८-१० मिमी कमी आले तर तिथली स्प्रिंग बघून घ्या.

तिसरा आवाज: सापुताऱ्याच्या वळणावर

या वेळी मात्र चाकांचाच प्रश्न होता, पण तोही वाटला तिथे नव्हता.

द्वारका चौकाजवळ एका खड्ड्याने मागच्या टायरला लिंबाएवढा फुगा आणला. रनफ्लॅट काढून साधे टायर टाकले की हे होतंच असं नाही, पण कमी प्रोफाइलचा साधा टायर आणि आमचे रस्ते यांचं जमत नाही. त्या ब्रँडमध्ये तो साइज मिळेना, म्हणून मागची जोडी दुसऱ्या ब्रँडची घेतली. साइज तोच, २६५/३५ आर१८. दिंडोरी, वणी करत सापुताऱ्याला निघालो. घाटात डावं वळण आलं की मागून उजवीकडे हलकं "घस्स". सरळ रस्त्यात, ब्रेकरवर, रॅम्पवर, कुठेच काही नाही.

वर्कशॉपमधला तीनशे मिमीचा मोठा व्हर्नियर काढला. दोन्ही टायरांत हवा सारखी भरून फुगवट्यावर माप घेतलं. जुना २६८, नवा २७६. साइडवॉलवर छापलेला २६५ हा नाममात्र आकडा असतो, ठरावीक रुंदीच्या रिमवर मोजलेला, आणि ब्रँडगणिक त्यात काही मिमी इकडे-तिकडे चालतं. शिवाय नव्या टायरला रिम वाचवणारी जाड कड होती आणि खांदा चौकोनी. जुन्याचा खांदा गोल. चौकोनी खांदा काठाला आधी लागतो, माप सारखं असलं तरी. २३५, २६५ हे शब्द आपण चपलेच्या नंबरसारखे वापरतो, आणि चपलेच्या नंबरसारखाच त्यात कंपनीचा फरक असतो.

वळणात का? डाव्या वळणात वजन उजव्या चाकांवर येतं. स्प्रिंग दबते, आणि साधा टायर रनफ्लॅटपेक्षा मऊ असल्याने साइडवॉल जास्त फुगते आणि रिमवरून थोडी कलते. ब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम दबतात, वळणात एकच दबतं आणि वर आडवंही ढकललं जातं.

हे घरी कसं तपासायचं? गाडी घाटात नेऊन नाही. निफाडला मामांच्या कांदाचाळीतून जाळीच्या चार गोण्या आणल्या, पंचवीस किलोच्या. छत बंद ठेवून डिकीत भरल्या. या गाडीचं छत पत्र्याचं आहे आणि उघडल्यावर तेच डिकीत जातं, त्यामुळे बंद असतानाच जागा मिळते. शेजारच्या सीटवर मेव्हणा, तो एकटाच दोन गोण्यांचा. मग उजवं मागचं चाक आणि डावं पुढचं चाक जाड सागवानी फळ्यांवर चढवलं. तिरक्या कोपऱ्यांत चाकं वर घेतली की ती दोन्ही पूर्ण दबतात, बाकीची दोन लोंबतात. हँडब्रेक, उरलेल्या चाकांना मागून-पुढून दगड. शाडूची गोळी काठाच्या आत. गोळी पूर्ण चेपली, मधून पत्रा दिसला. बरोबर.

ज्यांना खरोखर नीट करायचंय ते स्प्रिंग काढून, शॉक तसाच ठेवून, जॅकने चाक बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे ते आणखी वर जाऊ शकत नाही तिथपर्यंत, वर नेतात आणि तिथे स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघतात. हीच सर्वोत्तम पद्धत. पण स्प्रिंग काढणं घरचं काम नाही, स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर निसटला तर जीवावर बेततं. आणि कुठलीही गाडी नुसत्या जॅकवर असताना आर्चमध्ये हात किंवा डोकं घालू नका. जॅक स्टँड लावा.

आधी कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बदलून बघितला. अलाइनमेंटवाल्याला मागे अर्धा अंश निगेटिव्ह (चाकाचा माथा आत) वाढवायला सांगितलं. तो म्हणाला, "सर, होईल, पण टायर आतून खाईल, मग माझ्याकडे येऊ नका." अर्ध्या अंशाने ३२१ मिमी त्रिज्येच्या टायरचा माथा किती आत जातो? जेमतेम ३ मिमी. एक अंश घेतला तर साडेपाच. कॅम्बर वाढवून दीड-दोन सेंटीमीटरची चूक भरून निघत नाही, ३-४ मिमीची निघते. टायर लवकर खाण्यात टो (वरून बघितलं तर चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) चुकण्याचा हात कॅम्बरपेक्षा मोठा असतो, म्हणून कॅम्बर हलवला की टो परत सेट करून छापील रिपोर्ट हातात घ्या. तर ३ मिमी मिळाले. कांद्याच्या गोण्यांना ते पुरले नाहीत, गोळी पुन्हा चेपली. पुसली गेली नाही, पण एक मिमीसुद्धा उरला नाही.

शेवटी हौस बाजूला ठेवली आणि मागे २५५/३५ वर परत आलो, रिम तीच ९.५. हा साइज ८.५ ते १० इंचांच्या रिमवर चालतो, त्यामुळे ताणून बसवल्यासारखं होत नाही. टायरची उंची त्रिज्येत साडेतीन मिमी कमी झाली, खांदा आत आला. गोण्या, मेव्हणा, फळ्या, सगळं तसंच ठेवून गोळी मोजली: ६ मिमी. मागून गाडी आजही भरलेलीच दिसते. मी सांगितलं नाही तर कोणाला कळत नाही.

स्पेसर, बोल्ट आणि बाकीचं

"आत घासतंय तर स्पेसर (हब आणि चाकाच्या मध्ये बसणारी चकती) टाक" हे वाक्य मला तिन्ही वेळा ऐकायला मिळालं, आणि तिन्ही वेळा माझं आत घासत नव्हतं. पण खरोखर स्ट्रटला लागत असेल तर स्पेसर हा योग्य इलाज आहे आणि तो लगेच करायला हवा, कारण धातू साइडवॉल कापत जातो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. एका मित्राच्या गाडीत टायर काढल्यावर आतल्या बाजूला बोटाने चाचपता येईल अशी चर पडलेली निघाली.

स्पेसर जेवढा जाड तेवढा ईटी कमी. माझ्या पुढच्या ईटी३५ ला ५ मिमीचा स्पेसर लावला तर ईटी३० होईल, म्हणजे बाहेरच्या बाजूचा हिशेब नव्याने. हबला जो गोल उंचवटा असतो, माझ्यात ७२.६ मिमी व्यासाचा, तो चाकाला मध्यावर धरतो. पातळ स्पेसर तो उंचवटा खाऊन टाकतो आणि चाक नुसत्या बोल्टवर लटकतं. मग साठ-सत्तरला स्टिअरिंग थरथरतं आणि लोक बॅलन्सिंग करत बसतात. स्वतःचा उंचवटा असलेला स्पेसर घ्या. दोन पातळ स्पेसर एकावर एक कधीही नको. आफ्टरमार्केट रिमचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर मापाची हब रिंग लावा.

बोल्ट स्पेसरच्या जाडीइतके लांब हवेत. आट्यांची पकड निदान बोल्टच्या व्यासाइतकी हवी, म्हणजे १२ मिमीचा बोल्ट किमान १२ मिमी आत जायला हवा. उलट फार लांब बोल्ट मागे ब्रेकच्या भागांना लागू शकतो, म्हणून कसल्यावर चाक हाताने फिरवून बघा. बोल्टची बैठकही बघा. बीएमडब्ल्यूला शंकूची असते, फोक्सवॅगन आणि ऑडीच्या मूळ चाकांना गोलाकार. चाक बदललं की बोल्ट चाकाच्या बैठकीप्रमाणे घ्यायचे, गाडीच्या नाही. शंकूच्या बैठकीत गोलाकार बोल्ट कसला तर तो घट्ट लागल्याचं नाटक करतो आणि सुटतो. टॉर्क रेंचने, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर, आणि ऐंशी-शंभर किलोमीटर चालवून पुन्हा एकदा. इम्पॅक्ट गनने "टर्र" करून सोडून देणाऱ्याकडून बोल्ट ढिले करवून स्वतःच्या हाताने परत कसा.

पुढच्या लायनरला अगदी थोडं लागत असेल तर हीटगनने गरम करून ओल्या फडक्याने मागे दाबता येतं, किंवा बाहेर आलेला एखादा स्क्रू बदलून चपट्या डोक्याचा टाकता येतो. बऱ्याचदा खरा गुन्हेगार तो स्क्रूच असतो. लायनर काढूनच टाकणारेही भेटतील. मग पावसात वायरिंगवर चिखल, आणि नंतर इलेक्ट्रिशियनचे फेरे.

लोअरिंग स्प्रिंगांबद्दल एकच: रुंद चाकं आणि खाली घेतलेली गाडी दोन्ही एकदम करू नका. घासलं तर कशामुळे ते कळणार नाही.

कायद्याचंही बघून ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला मर्यादा आहेत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर कडक भूमिका घेतली. फेंडरच्या बाहेर आलेला टायर आरटीओच्या आधी मागच्या गाडीवाल्याला खटकतो, त्याच्या काचेवर दगड तुमच्या चाकाचा उडतो. विमा कंपनीला चाकांचा बदल लेखी कळवून ठेवलाय, नूतनीकरणाच्या वेळी तेच बरं पडतं.

आणि पावसात रुंद टायर साचलेल्या पाण्यावर अरुंद टायरच्या आधी तरंगायला लागतो. इगतपुरीच्या पुढे धो-धो पावसात हे एकदा अनुभवलंय. स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. तेव्हापासून जुलै-ऑगस्टमध्ये मूळची चाकं लावतो, नवी घरी भिंतीला.

राहिलं एक काम. दुसऱ्या, गरज नसलेल्या रोलिंगमध्ये मागच्या डाव्या काठाचा पेंट चिरला होता, तिथे खरवडून बघितलं तर पिवळसर गंजाची बारीक रेघ सुरू झालेली. चाचांनी घासून प्रायमर मारलाय, सीम सीलर वाळतोय, पेंट पुढच्या आठवड्यात. मृगाच्या आत व्हायला हवं.